संग्रहालयातील साक्ष : ऑस्ट्रेलियातील सरहद्दीवरील संघर्षाची प्रदर्शने आणि मूलनिवासी अभिरक्षक

प्रस्तावना

ऑस्ट्रेलियात ब्रिटिश वसाहतीची स्थापना २६ जानेवारी १७८८ रोजी सिडनी येथे झाली. पुढील सुमारे एकशेचाळीस वर्षांत ही वसाहत खंडाच्या अंतर्भागात पसरत गेली. मेंढ्यांची व गुरांची कुरणे वाढली, पाणवठे ताब्यात घेतले गेले आणि तेथे हजारो वर्षे राहणाऱ्या मूलनिवासी समाजांशी ठिकठिकाणी सशस्त्र संघर्ष झाले. या संघर्षांना तेथील इतिहासलेखनात 'सरहद्दीवरील संघर्ष' किंवा 'सरहद्दीची युद्धे' असे म्हटले जाते. येथे सरहद्द म्हणजे दोन राज्यांमधील सीमा नव्हे. वसाहतीची सतत पुढे सरकणारी कड, असा तिचा अर्थ आहे. मध्य ऑस्ट्रेलियातील कोनिस्टन येथील हत्याकांड १९२८ साली घडले. यावरून हा इतिहास फार जुना नाही, हे ध्यानात येते.

या संघर्षाला सार्वजनिक संग्रहालयांत स्थान मिळण्यास मात्र दीर्घ काळ लागला. अलीकडच्या काळात जी प्रदर्शने झाली, त्यांतील अनेक प्रदर्शनांची मांडणी मूलनिवासी अभिरक्षकांनी केली. मूलनिवासी अभिरक्षकांच्या सहभागामुळे 'दुसरी बाजू' पुढे आली, असे या घटनेचे वर्णन सामान्यतः केले जाते. ते अपुरे आहे. त्यांच्या कार्यामुळे इतिहासात पुरावा कशास म्हणावे, हा प्रश्न संग्रहालयाच्या दालनात उभा राहिला. २००१ ते २०२२ या काळातील काही निवडक प्रदर्शनांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मौन आणि साक्षीचा अधिकार

मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर यांनी १९६८ साली नभोवाणीवर दिलेल्या व्याख्यानांत ऑस्ट्रेलियाच्या इतिहासलेखनातील एका मोठ्या मौनाकडे लक्ष वेधले. राष्ट्राच्या इतिहासातून मूलनिवासी वगळले गेले, ते केवळ अनवधानाने नव्हे, तर ती विस्मरणाची एक रूढ पद्धतच झाली होती, असे त्यांचे म्हणणे होते. हेन्री रेनॉल्ड्स यांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अदर साइड ऑफ द फ्रंटियर' या ग्रंथाने हे मौन भंग करण्याच्या कामी मोठा वाटा उचलला. सरहद्दीवरील संघर्षात किमान वीस हजार मूलनिवासी मारले गेले असावेत, असा अंदाज त्यांनी मांडला. संग्रहालयांची स्थिती याहून वेगळी नव्हती. तेथे मूलनिवासींची भाले, ढाली, टोपल्या ही संपत्ती होती, परंतु त्या वस्तू कोणत्या परिस्थितीत हाती आल्या याचा निर्देश क्वचितच आढळे. पुष्कळ ठिकाणी हा संग्रह प्राणी, पक्षी व खनिजे यांच्या शेजारी, निसर्गेतिहासाचा भाग म्हणून मांडला जाई.

या मौनामागे कायद्याचाही हात होता, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. १० जून १८३८ रोजी न्यू साउथ वेल्समधील मायल क्रीक येथे किमान २८ निःशस्त्र मूलनिवासींची हत्या झाली. मृतांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांचा भरणा अधिक होता. या प्रकरणी सात गोऱ्या इसमांना त्याच वर्षी १८ डिसेंबर रोजी फाशी देण्यात आली. तथापि घटनेची माहिती असलेल्या डेव्ही नावाच्या मूलनिवासी कामगाराची साक्ष न्यायालयात होऊ शकली नाही. बायबलवर शपथ घेण्यास जो पात्र नाही त्याची साक्ष ग्राह्य नाही, असा तेव्हाचा नियम होता. खटला उभा राहिला तो जॉर्ज अँडरसन या गोऱ्या नोकराच्या साक्षीमुळे. न्यू साउथ वेल्समध्ये ही अडचण कायद्याने दूर झाली ती १८७६ साली. शिवाय मायल क्रीकच्या फाशीनंतर अशा कृत्यांविषयी वसाहतकारांत गुप्तता वाढली, असे इतिहासकारांनी नोंदविले आहे.

याचा अर्थ असा की, समकालीन कागदपत्रांतील मूलनिवासींची अनुपस्थिती ही योगायोगाची बाब नाही. ज्यांनी पाहिले त्यांना बोलू दिले गेले नाही आणि ज्यांनी केले त्यांना लपविण्याचे कारण होते. अशा परिस्थितीत तयार झालेल्या दप्तरालाच एकमेव प्रमाण मानले, तर न्यायालयाने नाकारलेली साक्ष इतिहासकारही पुन्हा नाकारतो. संग्रहालयांसमोरील मूळ पेच हा आहे.

बेल्स फॉल्सचा वाद

हा पेच प्रथम मोठ्या प्रमाणावर उघड झाला तो कॅनबेरा येथील राष्ट्रीय संग्रहालयात. हे संग्रहालय ११ मार्च २००१ रोजी खुले झाले. त्याच्या संचालिका डॉन केसी या स्वतः मूलनिवासी समाजातील होत्या. 'प्रथम ऑस्ट्रेलियन' या दालनात सरहद्दीवरील संघर्षाला स्थान देण्यात आले होते. त्यातील एक भाग बॅथर्स्टच्या उत्तरेकडील बेल्स फॉल्स या दरीशी संबंधित होता. या दरीच्या कड्यावर विराजुरी जमातीच्या लोकांची कत्तल झाली, अशी स्मृती त्या भागात प्रचलित आहे.

लेखक कीथ विंडशटल यांनी या मांडणीवर कठोर टीका केली. या घटनेला समकालीन लेखी आधार नाही, सबब ती दंतकथा असून राष्ट्रीय संग्रहालयाने ती इतिहास म्हणून दाखविणे गैर आहे, असा त्यांचा आक्षेप होता. २००२ साली त्यांच्या 'द फॅब्रिकेशन ऑफ अ‍ॅबोरिजिनल हिस्टरी' या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला आणि वाद देशभर पसरला. संग्रहालयाच्या कामकाजाचे परीक्षण करण्यासाठी समाजशास्त्रज्ञ जॉन कॅरोल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. २००३ च्या आपल्या अहवालात समितीला पद्धतशीर राजकीय पक्षपात आढळला नाही. तरीही त्याच वर्षी डॉन केसी यांचा कार्यकाल संपला आणि त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण झाले नाही.

या वादात दोन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. बॅथर्स्ट परिसरात संघर्ष झाला, याविषयी शंका घेण्यास जागा नाही. गव्हर्नर ब्रिस्बेन यांनी १४ ऑगस्ट १८२४ रोजी तेथे लष्करी कायदा जारी केला आणि तो ११ डिसेंबरपर्यंत अमलात होता. शांततेच्या प्रदेशात लष्करी कायदा पुकारला जात नाही. विवाद होता तो विशिष्ट कड्यावरील विशिष्ट घटनेविषयी. तिची कथा मूलनिवासींप्रमाणेच स्थानिक गोऱ्या रहिवाशांतही सांगितली जात असे. टीकाकारांनी विशिष्ट घटनेचा पुरावा अपुरा असल्याचे दाखवून संपूर्ण संघर्षावरच संशय निर्माण केला. दुसरीकडे संग्रहालयाच्या मांडणीत स्मृती कोठे संपते आणि दप्तर कोठे सुरू होते, हे प्रेक्षकाला पुरेसे स्पष्ट होत नव्हते. ही उणीव मान्य केली पाहिजे. मौखिक परंपरेला मान देणे म्हणजे तिची चिकित्सा टाळणे नव्हे. उलट चिकित्सा न झाल्यास पहिल्याच आघातात त्या परंपरेची हानी होते, हा बेल्स फॉल्सचा धडा होय.

अ‍ॅपिन : आदेशकर्त्यांचीच कागदपत्रे

२०१६ साली सिडनीच्या नैर्ऋत्येस असलेल्या कॅम्पबेलटाउन कलाकेंद्रात 'विथ सीक्रसी अँड डिस्पॅच', म्हणजे 'गुप्ततेने व त्वरेने', हे प्रदर्शन झाले. विराजुरी समाजातील अभिरक्षक टेस अ‍ॅलस आणि कॅनडातील मेटिस समाजाचे डेव्हिड गार्नो यांनी ते सिद्ध केले. १७ एप्रिल १८१६ रोजी अ‍ॅपिन येथे झालेल्या हत्याकांडास दोनशे वर्षे पूर्ण होत होती, हे त्याचे निमित्त होते.

अ‍ॅपिनची स्थिती बेल्स फॉल्सहून भिन्न आहे. येथे दप्तर बोलके आहे. गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी यांनी सैनिकांच्या तुकड्या पाठविल्या, आणि ठार झालेल्या पुरुषांची प्रेते दहशत बसावी म्हणून झाडांना टांगण्याच्या सूचना दिल्या. कॅप्टन जेम्स वॉलिस यांच्या तुकडीने रात्री तळावर हल्ला केला. गोळीबारातून पळणारे काही जण कड्यावरून दरीत पडले. वॉलिस यांनी चौदा प्रेते मोजल्याचे लिहून ठेवले. मराठी वाचकांच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, हेच मॅक्वारी १७८८ पासून मुंबईत ब्रिटिश सैन्यात अधिकारी होते आणि १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत सहभागी होते. साम्राज्याचे अधिकारी एका मुलखातील सेवेचा अनुभव घेऊन दुसऱ्या मुलखात जात, नियमाने टिपणे ठेवत आणि वरिष्ठांना अहवाल पाठवीत. त्यांच्या या सवयीमुळेच अ‍ॅपिनचा पुरावा शिल्लक राहिला.

अ‍ॅलस व गार्नो यांनी ऑस्ट्रेलियातील व कॅनडातील मूलनिवासी कलावंतांना एकत्र आणले. प्रदर्शनाचे शीर्षकच वसाहतीच्या सरकारी भाषेतून घेतलेले आहे. आरोपकर्त्याने आपले शब्द न वापरता आरोपीचेच शब्द समोर ठेवावेत, तशी ही पद्धत होती. त्यामुळे पुराव्याच्या अभावाचा आक्षेप मुळातच निष्प्रभ झाला. दोन खंडांतील कलावंतांच्या एकत्रित सहभागामुळे, अ‍ॅपिन हा एखाद्या क्रूर अधिकाऱ्याचा अपवादात्मक प्रमाद नसून ब्रिटिश वसाहतवादाच्या कार्यपद्धतीचा भाग होता, हेही सूचित झाले.

अ‍ॅपिनच्या संदर्भात संग्रहालयांचीही जबाबदारी निश्चित होते. तेथे मारल्या गेलेल्या कनबायगल या नेत्याचे शिर कापून कवटी एडिंबरोला नेण्यात आली आणि मस्तिष्कविद्येच्या तथाकथित अभ्यासासाठी वापरली गेली. ती १९९१ साली ऑस्ट्रेलियात परत आली आणि राष्ट्रीय संग्रहालयाच्या ताब्यात देण्यात आली. मृतांच्या अवशेषांचा संग्रह करणाऱ्या संस्थांच्या परंपरेतच आजचे संग्रहालय उभे असते. त्यामुळे मूलनिवासी अभिरक्षकाला प्रदर्शन मांडताना आपल्या संस्थेचा इतिहासही मांडावा लागतो.

टास्मानिया : परिचित वस्तूंचे नवे वाचन

टास्मानियात ही जबाबदारी अधिकच तीव्र स्वरूपात जाणवते. १८२० च्या दशकाच्या मध्यापासून १८३१ पर्यंत चाललेल्या तेथील संघर्षाला 'काळे युद्ध' असे नाव आहे. १८३० साली सुमारे दोन हजारांहून अधिक सैनिक, कैदी व नागरिक यांची साखळी करून मूलनिवासींना एका द्वीपकल्पाकडे हुसकण्याचा प्रयत्न झाला. तो जवळजवळ निष्फळ ठरला. त्यानंतर जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन यांच्या मध्यस्थीने वाचलेल्या लोकांना फ्लिंडर्स बेटावर नेण्यात आले. १८४७ मध्ये तेथून परत आणले गेले तेव्हा केवळ ४७ जण हयात होते. त्यांपैकी त्रुगानिनी या स्त्रीचा मृत्यू १८७६ साली झाला. मृत्यूनंतर आपल्या देहाची विटंबना होऊ नये, अशी तिची इच्छा होती. तरीही तिचा सांगाडा १९०४ ते १९४७ या काळात होबार्टच्या संग्रहालयात सार्वजनिकरीत्या मांडलेला होता. तिच्या अस्थी समुद्रार्पण झाल्या त्या १९७६ साली. फेब्रुवारी २०२१ मध्ये या संग्रहालयाने आणि टास्मानियाच्या रॉयल सोसायटीने मूलनिवासी समाजाची औपचारिक क्षमा मागितली.

या पार्श्वभूमीवर २०१८ साली कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात भरलेले 'द नॅशनल पिक्चर' हे प्रदर्शन पाहावे लागते. टास्मानियातील ट्रावुलवुई समाजाचे वंशज ग्रेग लेहमन आणि इतिहासकार टिम बोनिहाडी यांनी संयुक्तपणे ते सिद्ध केले. पुढे ते टास्मानियातही नेण्यात आले. काळ्या युद्धाच्या काळातील व त्यानंतरची वसाहतकालीन चित्रकला हा त्याचा विषय होता. बेंजामिन ड्यूटेरो यांचे १८४० चे 'द कन्सिलिएशन' हे चित्र दीर्घकाळ सलोख्याचे प्रतीक मानले गेले. चित्रात रॉबिन्सन मूलनिवासींच्या मेळाव्यात हस्तांदोलन करताना दिसतात. परंतु हे चित्र रंगविले जात होते तेव्हा ते लोक हद्दपारीत होते. ही वस्तुस्थिती लक्षात घेतली, की सलोख्याचा अर्थ बदलतो. चित्र तेच राहते, परंतु मूलनिवासींच्या दृष्टीने वाचल्यावर ते मोडलेल्या वचनाचा दस्तऐवज ठरते.

गव्हर्नर आर्थर यांच्या काळातील जाहीरनाम्याच्या फळ्यांविषयी असेच म्हणता येईल. १८३० च्या सुमारास लाकडी फळ्यांवर चित्रांच्या साह्याने कायद्यापुढील समानता दाखविण्यात आली. मूलनिवासीने गोऱ्यास मारल्यास त्याला फाशी, आणि गोऱ्याने मूलनिवासीस मारल्यास त्यालाही फाशी, असे चित्रण त्यांवर आहे. प्रत्यक्षात मूलनिवासीच्या हत्येबद्दल त्या बेटावर एकाही गोऱ्यास फाशी झाली नाही. ही वस्तू समानतेचा पुरावा म्हणून मांडावयाची की दिखाऊ न्यायाचा, हे तिच्याशेजारच्या माहितीफलकावर अवलंबून असते.

ज्युली गॉफ या ट्रॉलवूलवे कलावंत व अभिरक्षक यांचे कार्य याच दिशेचे आहे. २०१९ साली होबार्टच्या संग्रहालयात 'टेन्स पास्ट' हे त्यांचे प्रदर्शन झाले. तत्पूर्वी २००८ मध्ये त्यांनी एक कलाकृती केली होती. जुन्या खुर्चीच्या सांगाड्यात अर्धवट तासलेल्या भाल्यांची जुडी बसविलेली असून, वसाहतकारांच्या घरी ठेवल्या गेलेल्या मूलनिवासी मुलांची नावे त्या भाल्यांवर डागून लिहिलेली आहेत. ही नावे जुन्या नोंदींतून जमविलेली आहेत. तेथे कोणतेही भाष्य नाही. दप्तरात विखुरलेली नावे एकत्र येतात, एवढेच घडते, आणि तेवढ्याने विस्कटलेल्या कुटुंबांचा इतिहास समोर येतो.

'अनसेटल्ड' : संपूर्ण प्रदर्शनाचे नेतृत्व

सिडनी येथील ऑस्ट्रेलियन म्युझियम हे १८२७ साली स्थापन झालेले देशातील सर्वांत जुने संग्रहालय होय. मे २०२१ मध्ये तेथे 'अनसेटल्ड' हे प्रदर्शन खुले झाले. वेलवान व कूमा समाजांच्या लॉरा मॅकब्राइड आणि युइन समाजाच्या डॉ. मारिको स्मिथ या त्याच्या अभिरक्षक होत्या. कॅप्टन कुक यांच्या १७७० च्या सफरीस २५० वर्षे होत असल्याच्या निमित्ताने या कामास प्रारंभ झाला. प्रथम मूलनिवासी लोकांकडून मते मागविण्यात आली, आणि ८०५ जणांच्या प्रतिसादाच्या आधारे विषयांची निवड झाली. कुक यांच्या स्मरणाऐवजी देशाच्या स्थापनेचे सत्य सांगावे, हा त्या प्रतिसादाचा सूर होता. आक्रमणाची ओळख, युद्धे, हत्याकांडांचे स्मरण, वंशविच्छेदातून तगून राहणे, संस्कृतीचे सातत्य आणि शेवटी जखमा भरून येणे, असा प्रदर्शनाचा क्रम होता.

शीर्षकातील श्लेष अर्थपूर्ण आहे. इंग्रजीत वसाहत करण्यास 'सेटल' होणे म्हणतात. 'अनसेटल्ड' म्हणजे न वसलेले, आणि अस्वस्थही. मराठीतील 'वसाहत' या शब्दातही 'वसणे' आहे, परंतु कोणाला उठवून वसणे, हे त्या शब्दातून कळत नाही. प्रदर्शनाने नेमका हा लुप्त भाग पुढे आणला.

पद्धतीच्या दृष्टीने येथे मोठा बदल दिसतो. पूर्वी संग्रहालय विषय ठरवी आणि नंतर मूलनिवासींचा सल्ला घेई. येथे विषयाची निवडच समाजाने केली. 'तगून राहणे' व 'जखमा भरून येणे' हे विभाग शेवटी ठेवल्यामुळे मूलनिवासी केवळ बळी म्हणून उरत नाहीत. गोऱ्या इतिहासकारांच्या सहानुभूतिपूर्ण लेखनातही हत्याकांडांच्या याद्यांखाली जिवंत समाज दिसेनासा होण्याचा धोका असतो. स्वतःच्या आप्तांविषयी बोलणाऱ्या अभिरक्षकांना तो धोका अधिक जाणवतो.

मर्यादा : युद्धस्मारकाचे उदाहरण

या प्रवासाला अद्याप सर्वमान्यता लाभलेली नाही. कॅनबेरा येथील १९४१ साली खुले झालेले ऑस्ट्रेलियन युद्धस्मारक ही देशातील अत्यंत आदरणीय संस्था आहे. सरहद्दीवरील संघर्ष हा विषय आपला नसून राष्ट्रीय संग्रहालयाचा आहे, अशी भूमिका तिच्या नेतृत्वाने अनेक वर्षे घेतली. सप्टेंबर २०२२ मध्ये स्मारकाच्या मंडळाचे अध्यक्ष ब्रेंडन नेल्सन यांनी, नव्या दालनांत या संघर्षाचे अधिक व्यापक व सखोल चित्रण करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यावर माजी सैनिकांच्या काही गटांतून विरोधही व्यक्त झाला. वादाचा विषय संज्ञेचा होता. 'युद्ध' म्हटले की दोन्ही बाजूंचे मृत स्मरणास पात्र ठरतात, तर 'चकमक' म्हटले की ते पोलिसी प्रकरण राहते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मूलनिवासींच्या प्रातिनिधिक मंडळाला राज्यघटनेत स्थान देण्याचा प्रस्ताव सुमारे ६० टक्के मतदारांनी नाकारला, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. राजकीय मार्ग अरुंद झाल्यावर सत्यकथनाचा भार संग्रहालयांवर अधिक पडतो. परंतु शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत तो भार पेलणाऱ्या अभिरक्षकाचे स्थान किती असुरक्षित असू शकते, हे २००३ च्या अनुभवाने दाखवून दिले आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. सरहद्दीवरील संघर्षाविषयी कागदोपत्री पुराव्याची उणीव ही काही अंशी त्या संघर्षाचीच निष्पत्ती आहे. साक्षीचा अधिकार नाकारणाऱ्या व्यवस्थेचे दप्तर पूर्ण असू शकत नाही.

२. मूलनिवासी अभिरक्षकांनी पुराव्याची कसोटी शिथिल केली, हा आक्षेप अ‍ॅपिन व टास्मानिया येथील प्रदर्शनांबाबत टिकत नाही. सरकारी आदेश, चित्रे व जुन्या नोंदी यांचाच त्यांनी नव्याने उपयोग केला.

३. मौखिक स्मृती ही स्वतंत्र स्वरूपाची साक्ष आहे. तिला स्मृती म्हणूनच आणि तिच्या धारकांच्या नावानिशी मांडल्यास तिचे मोल वाढते. तिला दप्तराच्या जागी बसविल्यास दोहोंचेही नुकसान होते.

४. संग्रहालय हे या इतिहासाचे केवळ निवेदक नाही. ते त्यात सहभागी होते. ही कबुली दिल्याखेरीज त्याच्या निवेदनास विश्वासार्हता लाभणार नाही.

मायल क्रीकच्या खटल्यात डेव्हीला साक्ष देता आली नाही. आता संग्रहालयातील मांडणीद्वारे त्याच्या समाजाचे वारस ती देत आहेत. ती ऐकताना इतिहासकाराने आपली चिकित्सक वृत्ती सोडण्याचे कारण नाही. मात्र तीच चिकित्सा त्याने ज्यांच्या हाती लेखणी आणि बंदूक दोन्ही होत्या, त्यांच्या कागदांनाही लावली पाहिजे.